नियामक कार्यालयातली हरित खरेदी: आधी अट, मग निविदा

प्रश्न थोडक्यात असा: एका केंद्रीय नियामक संस्थेच्या इंदूरमधल्या क्षेत्रीय कार्यालयात तुम्ही प्रशासन अधिकारी आहात. साठ-सत्तर माणसं, भाड्याची इमारत. मुख्यालयाचं पत्र आलंय की शाश्वतता, हरित खरेदी (पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तू घेणं) आणि समावेशन (कोणी वगळलं जाऊ नये हे बघणं) यांसाठी एक कक्ष नेमा आणि दर तिमाहीला अहवाल पाठवा. वेगळा निधी नाही. त्यात लेखा शाखा म्हणते, एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराची बोली, सोडून जरा महाग काही घेतलंत तर ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणाचा लेखी आक्षेप, ठरलेला. मग करायचं काय?

माझी नोकरी भांडार, खरेदी आणि लेखा या तीन टेबलांवर गेली, म्हणून सुरुवात लेखा शाखेपासूनच करतो. त्यांची भीती अर्धी खरी आहे. बोली उघडल्यावर तुम्ही नोटशीटवर लिहिलंत की 'दुसऱ्या क्रमांकाची वस्तू पर्यावरणपूरक आहे, सबब ती घेत आहोत', तर पॅरा येईल आणि तो यायलाच हवा. बोली उघडल्यावर सुचलेला निकष हा निकष नसतो, ती मर्जी असते. पण हीच गोष्ट निविदा निघण्याआधी तांत्रिक विनिर्देशात, म्हणजे वस्तू कशी हवी त्या वर्णनात, अट म्हणून आली, तर ती पुरी न करणारा बोलीदार तांत्रिक छाननीतच बाहेर पडतो. उरलेल्यांत जो स्वस्त तो तुमचा एल-वन. त्याला कोणी हात लावू शकत नाही. हरित खरेदीचा सगळा खेळ त्या एका पानावर आहे. बाकी कक्ष, शपथ, फलक हे नंतरचं.

नियमांचा आधार हवा असेल तर तो घरातच आहे. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १४४ सांगतो की विनिर्देश वस्तुनिष्ठ, कामाशी जोडलेले आणि मोजता येणारे असावेत. नियम १७३ मध्ये तर स्पष्टच आहे की अधिसूचित विद्युत उपकरणं घेताना ऊर्जा दक्षता ब्युरोने दिलेलं ठरावीक किंवा त्याहून वरचं तारांकन असलंच पाहिजे. म्हणजे काही बाबतींत हरित खरेदीला परवानगी लागत नाही, ती न करणं हाच आक्षेप आहे. फक्त एक आधी तपासा. तुमची संस्था स्वायत्त असेल आणि तिचे स्वतःचे, सरकारने मंजूर केलेले वित्तीय नियम असतील, तर ते आधी लागू होतात; नसतील तर हेच नियम लागू आहेत असं धरलं जातं. राज्याच्या कार्यालयातला कोणी हे वाचत असेल तर त्याने म. प्र. भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम, २०१५ आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या उघडाव्यात.

आता पंख्याचं उदाहरण घेऊ, कारण ते प्रत्येक कार्यालयात लागतं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. दिवसाला १० तास आणि वर्षाला २५० कामाचे दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला ११२ युनिट वाचतात. युनिट आठ रुपये धरलं तर नऊशे रुपये. किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा, म्हणजे दोन वर्षांच्या आत वसूल, पुढची सगळी वर्षं नफ्याची. हा हिशेब अंदाजपत्रकाच्या नोटशीटवर, निविदेच्या आधी, तुमच्या स्वतःच्या वीज बिलातल्या दराने मांडा. विनिर्देशात 'बीएलडीसी' हा शब्द मात्र एकटा टाकू नका. 'कमाल इतके वॅट, किमान इतके तारे, हवेचा प्रवाह किमान इतका, वॉरंटी इतकी वर्षं' असं लिहा. नाहीतर वीज वाचवणारा पण वारा न देणारा पंखा येतो आणि आठवड्याभरात प्रत्येक टेबलावर दुसरा टेबलफॅन दिसतो. त्याच नोटशीटवर एक ओळ असू द्या की ही अट पुरी करणारे किमान तीन उत्पादक बाजारात आहेत, आणि त्यांच्या कॅटलॉगची पानं नस्तीला जोडा. ऑडिटवाला 'एका कंपनीसाठी अट घातली' म्हणाला तर त्याला दाखवायला तेवढं पुरतं. तारांकनाच्या लेबलवरची मुदतही वाचा. तक्ते दर काही वर्षांनी कडक होतात आणि कालचे पाच तारे आजचे चार होतात.

'पर्यावरणाला काही गुण ठेवू का' हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून सांगतो. गुणवत्ता आणि किंमत मिळून गुण देण्याची पद्धत वस्तूंच्या खरेदीत चालत नाही. कामं आणि बिगर-सल्लागार सेवा यांना ऑक्टोबर २०२१ च्या वित्त मंत्रालयाच्या सूचनांनी ती काही अटींवर खुली केली, आणि तिथेही बिगर-किंमत निकषांना जास्तीत जास्त ३० टक्के भार. त्यामुळे वस्तूंसाठी हिरवेपणा गुणात नाही, अटीत घालायचा.

जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर, हे कसं बसवायचं? नियम १४९ मुळे जे तिथे मिळतं ते तिथूनच घ्यावं लागतं. प्रत्येक वस्तूच्या वर्गात काही गोल्डन पॅरामीटर, म्हणजे ठरवून दिलेले मुख्य गुणधर्म, असतात. तारांकन, प्रिंटरची दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई, वीजवापर हे बहुतेक वेळा तिथेच निवडता येतात. जे तिथे निवडता येतं ते अतिरिक्त अटींमध्ये, म्हणजे आपण ज्याला एटीसी म्हणतो त्यात, पुन्हा लिहू नका. एटीसीत मनाला येईल ते भरायची सवय आपल्या कार्यालयांना आहे. स्पर्धा कमी करणारी अट तिथे टिकत नाही, तक्रार आली की सगळी बोली रद्द होते आणि तीन महिने गेले. प्रिंटरबद्दल एक आगाऊ सल्ला: यंत्राची किंमत पाहू नका, पानामागचा खर्च पाहा. स्वस्त प्रिंटर घेणारं कार्यालय पुढची पाच वर्षं टोनर विकत घेत बसतं.

कागद, पडदे, चहाचे पेले यावर फार वेळ घालवू नका. कॉपीअर कागदाला आयएस १४४९० हे भारतीय मानक आहे, ते मागा. खादीचं कापड नियम १५३ प्रमाणे खादी आयोगाकडून घ्यायचंच असतं, त्यामुळे झाडू-पुसण्याचं कापड आणि टॉवेल तिथून. परिसंवादात पाहुण्यांना काचेची ढाल देण्यापेक्षा महेश्वरचं हातमागाचं कापड द्या, गाव जवळ आहे. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेले पेले घेताना जरा थांबा. कंपोस्ट होणारं प्लास्टिक असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नुसता हिरवा पानाचा छाप पुरत नाही. १९९१ चं मडक्याचं इकोमार्क चिन्ह बाजारात फारसं रुजलं नाही. २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम आले, पण प्रमाणित वस्तूंची रांग अजून आखूड आहे, म्हणून ती अट 'अनिवार्य' घालण्याआधी विक्रेते आहेत का ते मोजा. आणि पेल्यांवर सगळ्यांत साधा उपाय स्टीलचे किंवा चिनी मातीचे कप आणि ते धुवायला माणूस. पाण्याच्या लहान बाटल्या १ जुलै २०२२ च्या एकल-वापर प्लास्टिक बंदीत येत नाहीत, पण बैठकीच्या टेबलावर त्या मांडायची गरजही नाही. जलशुद्धी यंत्र घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील, म्हणजे आयएस १०५०० च्या स्वीकार्य मर्यादेत, तर आरओ कशाला? जालूदहून सत्तरेक किलोमीटर उपसून आणलेलं नर्मदेचं पाणी अर्धं गटारात सोडायचं, याला काही अर्थ नाही. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरण) आणि यूएफ (बारीक गाळणी) पुरतं.

खरेदीइतकंच मोठं काम विल्हेवाटीचं आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. आपलं शहर घराघरांतून सहा प्रकारचा कचरा वेगळा उचलतं, देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस होऊ शकेल एवढा प्रकल्प २०२२ पासून उभा आहे, आणि सरकारी कार्यालयांच्या मागच्या खोलीत जुने मॉनिटर, यूपीएसच्या फुगलेल्या बॅटऱ्या, मोडक्या खुर्च्या यांचा संसार तसाच. निर्लेखन समिती, म्हणजे निकामी सामान नोंदीतून काढणारी समिती, बसतच नाही, कारण सही करायला सगळे घाबरतात. ती बसवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत 'मोठा ग्राहक' म्हणजे हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारा, त्यामुळे तुमचं एकटं कार्यालय कदाचित त्यात बसणार नाही, पण सगळी क्षेत्रीय कार्यालयं मिळून संस्था बसू शकते. काहीही असो, संगणकाचा लिलाव सगळ्या भंगारवाल्यांना खुला ठेवू नका; नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांपुरताच ठेवा आणि ती पात्रता लिलावाच्या सूचनेत लिहा. हार्ड डिस्क आधी काढून नष्ट करा. नियामकाच्या डिस्कवर दुसऱ्यांची गुपितं असतात. बॅटऱ्यांचे नियम वेगळे, तेही २०२२ चेच. नवी यूपीएस बॅटरी घेताना नियम १७६ खालची जुनी परत देण्याची, म्हणजे बाय-बॅकची, अट घातली की हा प्रश्न उगवतच नाही. आणि पंधरा वर्षांवरची सरकारी गाडी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी नूतनीकृत होत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जायला हवी.

आता समावेशन. मुख्यालयाला बहुधा छायाचित्रं हवी असतील. ती होतील. पण कायद्याने मागितलेल्या गोष्टी आधी: दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे समान संधी धोरण आणि तक्रार निवारण अधिकारी, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी, आणि दहा किंवा अधिक माणसं असल्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती, जिच्यात निम्म्या तरी महिला आणि बाहेरचा एक सदस्य. हे आदेश आठवड्याभरात निघतात. खरं काम त्यापुढचं.

रॅम्प बघा. कंत्राटदाराला 'रॅम्प बांधा' एवढंच सांगितलं की तो उरलेल्या जागेत बसेल तेवढा उतार करतो, आणि चाकखुर्चीचं सोडा, त्यावरून मोटरसायकलसुद्धा जपून न्यावी लागते. प्रमाण १:१२. दीडशे मिलिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिलिमीटर उंची, म्हणजे ५.४ मीटर लांबी. अंदाजपत्रकात हा आकडाच लिहा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. प्रसाधनगृह दिव्यांगस्नेही आहे असं प्रत्येक कार्यालय सांगतं. जाऊन बघावं तर कुलूप असतं आणि आत फिनाइलच्या कॅनी आणि जुन्या खुर्च्या. पहिल्याच दिवशी ते रिकामं करा, खर्च शून्य. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमातला १५(१) हा भाग कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो मार्गदर्शक सूचनांवर भागवत होता आणि कायद्याला बंधनकारक किमान मानकं हवी आहेत. तेव्हा 'त्या फक्त सूचना आहेत' हे उत्तर आता देऊ नका.

इमारतीपेक्षाही मोठा अडसर कागदाचा आहे. आपल्या मध्य प्रदेशातली अनेक कार्यालयं अजून कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतात, छापतात, सही करतात, स्कॅन करतात आणि ते चित्र संकेतस्थळावर चढवतात. दृष्टिहीन वकिलाचं किंवा ग्राहकाचं स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यापुढे मुकं होतं. एनव्हीडीए हे असं सॉफ्टवेअर मोफत आहे, हिंदीही वाचतं, पण त्याला युनिकोड लागतं. नियामकाचा आदेश हा लोकांच्या हक्काचा दस्तऐवज. तो युनिकोडमध्ये आणि शोधता येईल अशा पीडीएफमध्ये निघाला पाहिजे, हा एक कार्यालयीन आदेश तुमच्या सगळ्या फलकांपेक्षा जास्त माणसांना आत घेईल. नवं सॉफ्टवेअर किंवा पोर्टल विकत घेताना आयएस १७८०२ या सुगम्यतेच्या मानकाची पूर्तता विनिर्देशात घाला. नंतर 'सुगम करून द्या' म्हटलं की विक्रेता वेगळं दरपत्रक देतो. जनसुनावणी असेल तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च सभागृहाच्या भाड्यासारखाच अंदाजपत्रकात आधी धरा, कोणी मागेल तेव्हा बघू असं नको.

आणि कंत्राटी माणसं. तुमच्या साठ-सत्तरांत सफाई, सुरक्षा, डेटा एंट्री, ड्रायव्हर धरलेत का? समावेशनाच्या अहवालात ती सहसा नसतातच, कारण ती 'एजन्सीची'. मनुष्यबळाच्या बोलीत बहुतेक बोलीदार सेवाशुल्काच्या किमान मर्यादेवर येऊन थांबतात, मग निवड जवळजवळ चिठ्ठीवर होते. एजन्सी नफा कुठून काढते हे सगळ्यांना माहीत आहे: रजेच्या दिवसातून, भविष्य निधीतून, गणवेशाच्या कपातीतून. करारात लिहा की बिलासोबत प्रत्येकाच्या बँक खात्यात पगार जमा झाल्याचा आणि भविष्य निधी-ईएसआयचा (कर्मचारी विम्याचा) पुरावा नसेल तर बिल पुढे जाणार नाही, आणि मग खरंच अडवा. पहिल्या महिन्यात आरडाओरडा होईल. अंतर्गत समितीचं संरक्षण सफाईवाल्या बायकांनाही आहे. समितीचा फलक संचालकांच्या दालनाबाहेर लावण्याऐवजी त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, साध्या हिंदीत लावा. खोली नसेल तर तिथूनच सुरुवात करा. रात्रपाळीच्या गार्डला खुर्ची आणि पंखा आहे का, तेही बघा.

पुरवठादारांतलं समावेशन: सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २०१२ चा खरेदी धोरण आदेश मंत्रालयं, विभाग आणि केंद्रीय उपक्रमांना वार्षिक खरेदीच्या २५ टक्क्यांचं उद्दिष्ट देतो, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. तुमच्या संस्थेने तो स्वीकारलाय का ते मुख्यालयाला विचारा. एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असलेला लघुउद्योजक त्याच किमतीला तयार झाला तर त्याला वाटा मिळतो. महाग घ्यावं लागत नाही, हे लेखा शाखेला समजावा. हा लाभ उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही, म्हणून लघुउद्योगाच्या नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र उघडून वाचा. सांवेर रोडवर, पोलोग्राउंडवर असे उद्योजक आहेत, त्यांना बोलवून वर्षातून एकदा तुमची खरेदीची यादी दाखवा. पण खरं सांगू? त्यांना सवलतीपेक्षा वेळेवर पैसे हवे असतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. जेमवर माल स्वीकारल्याचं सीआरएसी हे प्रमाणपत्र अडकवून बसणारा भंडारपाल तुमच्या सगळ्या समावेशनावर पाणी फिरवू शकतो.

नियामकाला एक जास्तीचं पथ्य आहे, जे इतर कार्यालयांना नाही. निधी नाही म्हटल्यावर कोणीतरी सुचवेल की पीथमपूरच्या अमुक कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, छतावर सौर पॅनल, नाहीतर रॅम्प, नाहीतर पाचशे झाडं घेऊ. ती कंपनी तुमच्या परवान्याखाली किंवा तपासणीखाली असेल तर साफ नाही म्हणा, एक रोपटंसुद्धा नको. उद्या तिच्याविरुद्ध आदेश काढला तरी आणि नाही काढला तरी बोट तुमच्याकडेच. अशा कंपनीने जेमवर खुल्या बोलीत भाग घेतला तर अडवता येत नाही, पण तिचं प्रकरण हाताळणारा अधिकारी तांत्रिक मूल्यमापन समितीत नसावा, आणि समितीच्या प्रत्येक सदस्याचं हितसंबंध नसल्याचं निवेदन नस्तीत असावं.

छतावरचं सौर तूर्त विसरा, छत तुमचं नाही. पण भाडेकरार तुमच्या हातात आहे. बहुतेक क्षेत्रीय कार्यालयं भाड्याची असतात आणि रॅम्प, लिफ्ट, प्रसाधनगृह, स्वतंत्र वीज मीटर हे सगळं घरमालकाच्या मर्जीवर सोडून बसतात.

अहवालाला चार आकडे पुरे: माणशी वीज, महिन्याचे कागदाचे रिम, लघुउद्योगांची बिलं सरासरी किती दिवसांत निघाली, आणि किती टक्के आदेश युनिकोडमध्ये गेले. झाडं मोजू नका. आधीच्या बारा महिन्यांची बिलं काढून पाया ठरवा, आणि एप्रिल-जूनची तुलना मागच्या एप्रिल-जूनशीच करा. जानेवारी-मार्चशी केलीत तर मे महिन्याच्या उन्हामुळे तुम्ही नापास दिसाल. पहिला अहवाल वाईट दिसला तर तसाच पाठवा, त्याला हात लावू नका. भाडेकराराची प्रत मात्र उद्याच काढून मुदत कधी संपते ते बघा. नूतनीकरणाच्या सहा महिने आधी मालकाला लेखी अटी गेल्या तर रॅम्पचा खर्च तो करेल. मुदत उलटून 'तात्पुरती मुदतवाढ' चालू असेल, जी बहुतेक ठिकाणी असते, तर तुमच्या हातात आजच जोर आहे. भाडेवाढीची त्याची फाइल तुमच्याच टेबलावर येणार आहे.